ग्रंथपाल बाईंच्या पोटात राहिलेली गोष्ट

शाळेच्या ग्रंथपाल बाईंच्या तोंडात तीळ भिजत नसे, हे शिपायापासून मुख्याध्यापिकेपर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं. खुद्द बाईंनाही ठाऊक होतं. प्रशिक्षणाहून त्या शालेय ग्रंथालयाच्या मानकांची पुस्तिका घेऊन आल्या आणि बाकीचे नियम त्यांनी झपाट्याने अमलात आणले. फडताळं पहिलीच्या मुलांचा हात पोचेल इतकी खाली आली, वाळवी लागलेली पुस्तकं बाद झाली, शनिवारी पालकांसाठीही दार उघडलं. चौदाव्या नियमाशी मात्र गाडी अडली. कोण काय वाचतं ते दुसऱ्या कोणालाही सांगू नये, असं त्यात होतं. बाईंनी तो ठळक अक्षरांत लिहून टेबलासमोरच्या भिंतीवर लावला. लोकांना वाटलं आपल्यासाठी आहे. तो बाईंनी स्वतःसाठीच लावला होता.

परीक्षा घ्यायला त्यांची थोरली बहीणच आली. या ताईने तीन आठवड्यांपूर्वी नववीतल्या लेकीची डायरी वाचली होती आणि तेव्हापासून लेक आईशी "हो", "नाही" आणि "बघू" यापलीकडे बोलत नव्हती. शनिवारी ताईने खुर्ची ओढली आणि आवाज खाली आणून विचारलं, की लेक उशीखाली कव्हर घातलेलं पुस्तक ठेवते, ते कुठलं.

बाईंनीच ते दिलं होतं. घरच्या माणसांशी न भांडता कसं बोलावं, हे शिकवणारं पातळसं पुस्तक होतं ते. भाचीने घेताना मान वर केली नव्हती. सांगितलं असतं तर ताई आनंदाने रडली असती. पण भाचीच्या लेखी ती दुसरी डायरी ठरली असती, आणि आईपाठोपाठ मावशीही तिच्या मनातून उतरली असती.

"ताई, ते मला सांगता येणार नाही."

"तुला?" ताई म्हणाली. "वाढदिवसाला मला काय मिळणार, ते तू आठवडाभर आधी सांगितलं होतंस."

बाईंनी भिंतीकडे बोट दाखवलं. ताईचं तोंड एवढंसं झालं. ती दारापर्यंत गेली, परत आली आणि फडताळाकडे बघत म्हणाली, की रुसलेल्या मुलांशी कसं बोलावं असं काही पुस्तक असलं तर हवं होतं, शेजारणीसाठी.

तशा विषयाचं एकच पुस्तक होतं आणि त्याची एकच प्रत. बाईंना खोकल्याची उबळ आली. पुस्तक बाहेर गेलंय, आलं की राखून ठेवते, एवढं त्या कशाबशा बोलल्या. सोमवारी त्यांनी भाचीला कळवलं, की तुझ्या पुस्तकासाठी कोणीतरी थांबलंय. या शाळेत हे आणखी कोणाला हवंय, असं भाचीने कपाळाला आठ्या घालून विचारलं. बाई चष्मा पुसत राहिल्या. चष्मा स्वच्छच होता.

शुक्रवारी पुस्तक परत आलं. पानोपानी पेन्सिलच्या रेघा होत्या आणि तिसऱ्या प्रकरणाच्या समासात भाचीच्या तिरक्या अक्षरात लिहिलं होतं, 'आई हे कधीच करत नाही.' त्याखाली, 'मी पण नाही.'

परत आलेल्या पुस्तकातल्या खुणा खोडून मगच ते पुढे द्यायचं, असं पुस्तिकेत होतं. पण न खोडता दिलं तर? ताईने अक्षर ओळखलं असतं, अबोला सुटला असता आणि बाईंना तोंडही उघडावं लागलं नसतं. मधली सुट्टी संपेपर्यंत त्या खोडरबर घेऊन बसून राहिल्या. त्या दोन ओळी कोणाला दाखवायच्या, हे भाचीने ठरवायचं होतं. शेवटी त्यांनी खोडायला घेतलं. 'मी पण नाही' खोडताना त्यांना रडू आलं.

दुसऱ्या दिवशी ताई पुस्तक घेऊन गेली. पुढचे पंधरा दिवस बाईंनी कसे काढले ते त्यांचं त्यांनाच माहीत. ताईचा फोन आला की गॅसवर दूध आहे म्हणून त्या ठेवून देत. इतकं दूध घरात कोणी पीत नव्हतं.

मग एका शनिवारी मायलेकी जोडीने आल्या. जेवताना आई म्हणाली होती, आधी तुझं ऐकते, मध्ये बोलणार नाही. ते तिसऱ्या प्रकरणातलं वाक्य ऐकून लेकीला हसू फुटलं होतं. आईने कपाटातून पुस्तक काढून दाखवलं, डायरीबद्दल माफी मागितली, आणि उष्टे हात वाळेपर्यंत दोघी बोलत बसल्या होत्या.

भाचीने समास उघडून दाखवला. "मावशी, इथे मी लिहिलं होतं."

"खोडलं. खोडूनच द्यायचं असतं."

ताई बहिणीकडे बघतच राहिली. "म्हणजे तुला दोघींचं माहीत होतं. इतके दिवस." मग हळूच म्हणाली, "काय लिहिलं होतं हिने?"

बाईंनी पुन्हा भिंतीकडे बोट दाखवलं.

भाचीने टेबलावरची पेन्सिल उचलली, त्याच जागी त्याच दोन ओळी पुन्हा लिहिल्या आणि पुस्तक आईपुढे सरकवलं. ताईने वाचलं. मग पेन्सिल मागून घेऊन तिने खाली लिहिलं, 'शिकतेय.'

पुस्तक जमा झालं आणि नियमाप्रमाणे बाई खोडरबर शोधायला लागल्या. तो त्यांच्या मुठीतच होता, पण सोमवारपर्यंत काही त्यांना सापडला नाही.