नुसत्या तेलाची सुई

तापाने चार दिवस अंथरूण धरल्यावर नणंदबाई आज उंदरांच्या खोलीत परतल्या होत्या. मधल्या दिवसांत त्यांचं काम वहिनीने सांभाळलं होतं. ती त्याच प्रयोगशाळेत मदतनीस.

काम ठरलेलं होतं. डावीकडच्या पिंजऱ्यांतल्या उंदरांना रोज तेलात मिसळलेलं हार्मोन टोचायचं, उजवीकडच्यांना नुसतं तेल. भूक चेतवणारं एक पेप्टाइड मेंदूत असतं, ते हार्मोनमुळे घटतं का, हे पाहायचं होतं. त्यासाठी उद्या सगळ्यांचे मेंदू काढायचे होते. नणंदेचा प्रबंध त्यावरच अडला होता.

उरलेलं खाणं तोलता तोलता नणंद हरखली. "वहिनी, डावीकडच्यांनी जेमतेम तोंड लावलंय, आणि उजवीकडचे बघ, नुसता फडशा! एवढा फरक आधी नव्हता गं."

"माझ्या हाताला यश आहे म्हण की!" वहिनी हसली. "आणि उजवीकडचे खाणारच. चार दिवस निवांत होते बिचारे."

"निवांत म्हणजे?"

"अगं, नुसत्या तेलासाठी कशाला भोसकायचं मुक्या जिवांना? औषध थोडंच होतं त्यात!"

नणंदेने हातातलं खाणं खाली ठेवलं.

"वहिनी, सुईच्या धास्तीनेसुद्धा भूक मरते. म्हणून तर दोघांनाही टोचायचं. आता हा फरक हार्मोनचा की धास्तीचा, कसं सांगू मी?"

वहिनीचं तोंड एवढंसं झालं. ती हळूच म्हणाली, "मी नाही हो कुठे बोलणार. तुझं वर्ष वाया नको जायला."

नणंद पिंजऱ्यांकडे बघत राहिली. एक उंदीर मागच्या पायांवर उभा राहून मिश्या पुशीत होता.

"उद्या जीव जायचेत यांचे. खोट्यापायी नकोत जायला," ती म्हणाली, आणि दोघी तिच्या मार्गदर्शक सरांकडे गेल्या.

सरांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे प्रबंध यंदा नाही."

"नाही, सर."

"ठीक. थोडे दिवस विसावू द्या त्यांना. मग पहिल्यापासून."

पुन्हा सुरुवात झाली तेव्हा उजवी बाजू वहिनीने मागून घेतली. पहिला उंदीर फडक्यात गुंडाळून तिने त्याच्या पाठीवरून बोट फिरवलं. "सुटका नाही रे राजा," म्हणत तिने डोळे न मिटता सुई टोचली.

दुसऱ्या दिवशी उजवीकडेही खाणं उरलं होतं. दोन्हीकडचा फरक अगदी थोडका निघाला.

"एवढाच?" वहिनी हिरमुसली.

"एवढाच," नणंद म्हणाली, आणि तिने पुढचा पिंजरा ओढला.