दांड्याजवळचा खळगा

मित्रांनो, आधीच सांगतो, मला ओळखताना तुम्ही चुकणार. मी एक जुना बिडाचा तवा आहे. अंगावर सात खळगे, मधे एक आणि भोवती सहा. "हे तर आप्पेपात्र!" असंच म्हणाल ना? वाईट वाटून घेऊ नका. चांगली शिकलेली माणसं तशीच चुकली आहेत, आणि कोण कधी चुकलं ते सगळं माझ्या लक्षात आहे.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका ओतशाळेत झाला. ओतताना दांड्याजवळच्या खळग्यात हवेचा बुडबुडा राहिला आणि तिथे खडबडीत डाग पडला. त्या खळग्यातला गोळा कधीच अखंड सुटत नाही. दीडशे वर्षांत माझ्यात एवढी एकच खोड. माझ्याभोवती वावरलेल्या माणसांच्या खोडी मोजायला मात्र सात खळगे पुरत नाहीत.

मारेन नावाच्या नव्या नवरीच्या पेटीत बसून, बोटीने मी न्यूझीलंडला आलो. डॅनेव्हर्कला तेव्हा रान तोडून घरं उभी राहत होती. मारेन माझ्यात ताकात भिजवलेलं पीठ ओतायची, आत सफरचंदाची फोड ठेवायची आणि विणायच्या सुईने गोळे उलटायची. तिच्या माहेरी नाताळ कडाक्याच्या थंडीत यायचा, इथे भर उन्हाळ्यात. तरी ती घाम पुसत चुलीपुढे बसायचीच.

तिची सून जीन स्कॉटिश. तिने पहिल्याच वर्षी पिठात ओट्स घातले. मारेन आठवडाभर तिच्याशी बोलली नाही, पण रोज चार गोळे खाल्ले. जीनची सून नोरा आयरिश. ती उकडलेला बटाटा घेऊन आली, तेव्हा नाक मुरडायची पाळी जीनची. एक रीत मात्र तिघींपैकी कुणी मोडली नाही. दांड्याजवळचा फाटका गोळा घरातल्या सगळ्यांत धाकट्याच्या ताटलीत जायचा.

नोराच्या मुलाचं, पीटरचं लग्न झालं आणि घरात विजेचं फ्राइंग पॅन आलं. मी गेलो त्याच्या हॅमिल्टनमधल्या घराच्या गॅरेजात. चाळीसहून जास्त वर्षं माझ्या खळग्यांत स्क्रू राहिले, सात आकारांचे. शिस्त होती, चव नव्हती.

पीटर वारल्यावर त्याचा मुलगा कॅलम आणि सून अस्मिता गॅरेज आवरायला आले. अस्मिता पुण्याची, जॉन्सनव्हिलला फार्मसिस्ट. मला पाहताच ती ओरडली, "अय्या, आप्पेपात्र! इथे कसं?"

कॅलमने मला चुलीवर कधी पाहिलंच नव्हतं. त्याने खांदे उडवले. अस्मिताच्या आईने, आशालताबाईंनी, पुण्याहून व्हिडिओ कॉलवर निकाल दिला, "शेजारी कुणी आपलं राहून गेलं असणार. विसरलं बिचारं. घेऊन ये."

मला घासलं, तेल पाजलं, आणि दर रविवारी आप्पे सुरू झाले. कॅलमची इंगरआत्या भेटेपर्यंत माझी ओळख तीच राहिली.

त्याचं असं झालं. कॅलमची दहा वर्षांची लेक लीला हिच्या शाळेत शुक्रवारी एक कार्यक्रम होता. आईकडची एक परंपरा आणि बाबांकडची एक, वर्गापुढे सांगायची. लीलाने कागदावर दोन रकाने आखले. आईच्या रकान्यात गणपती, आकाशकंदील, उकडीचे मोदक, जागा पुरेना. बाबांच्या रकान्यात 'बार्बेक्यू', तेही खोडलेलं.

"डॅड, तुमच्याकडे काहीच नाही?" तिने इंग्रजीत विचारलं. मी मराठीत सांगतोय, या घरात राहून तेवढं येतं.

"मी किवी आहे गं. थोडा डॅनिश, थोडा स्कॉटिश, थोडा आयरिश. सगळं मिसळून काही उरलं नाही."

"मग मी उभी राहून काय सांगू? माझे बाबा रिकामे आहेत?"

माझ्यातला फाटका आप्पा खरवडून कॅलमने नेहमीसारखा तिच्या ताटलीत टाकला. मित्रांनो, बिडाला तोंड असतं तर त्या दिवशी मी ओरडलो असतो.

बुधवारी इंगर आली. पीटरची थोरली बहीण, शहाऐंशी वर्षांची, डोळ्याच्या ऑपरेशनसाठी डॅनेव्हर्कहून. ऑपरेशन त्याच सकाळी झालं होतं; एका डोळ्यावर पट्टी होती, मांडीवर विणकाम. उन्हाळ्यापुरत्या राहायला आलेल्या आशालताबाई तिच्यासाठी म्हणून मुद्दाम कमी तिखटाचे आप्पे करत होत्या. इंगर वास घेत ओट्याशी आली. आणि तिने लोकरीतून सुई उपसली, पुसली, पहिला आप्पा गर्रकन उलटला.

"अगं बाई! विणायची सुई आप्प्यात?" आशालताबाई किंचाळल्या. "अहो कॅलमराव, आवरा तुमच्या आत्याला!"

"दांड्याजवळचा चिकटेल," इंगर म्हणाली. "तो धाकट्याचा."

चिकटलाच. कॅलमने चहाचा कप ओट्यावर ठेवला. "आत्या, हे तुला कसं माहीत?"

"माझ्या आजीचा तवा हा. मला वाटलं, पीटरने भंगारात दिला. त्याच्याशी दोन वर्षं बोलले नाही मी. सहा वर्षं तो फाटका गोळा माझा होता, मग पीटर जन्मला!"

"डॅड मला नेहमी फाटका पॅनकेक द्यायचे," कॅलम हळूच म्हणाला. "मला वाटायचं, खपवतात."

लीला बापाकडे वळली. "आणि तुम्ही मला देता. दर रविवारी."

"सवय आहे."

"डॅड, तीच तर तुमची परंपरा आहे!" म्हणून ती कागद आणायला पळाली.

आशालताबाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बरं, तवा तुमचा. पण इतकी वर्षं चालवला आम्ही, हेही लिही गं लीला."

शुक्रवारी मी शाळेत गेलो. मला तापवू दिलं नाही, सुरक्षेचे नियम. वर्गाच्या बाईंनी विचारलं, यात काय करतात? लीला म्हणाली, "घरात शेवटी जे माणूस आलं असेल, ते जे आणेल ते. आणि फाटकं धाकट्याला." बाबांच्या रकान्यात तिने तेवढंच लिहिलं होतं. मागच्या बाकावर बसलेला कॅलम बराच वेळ बुटाची नाडी बांधत होता.

त्या रविवारी आशालताबाई काथ्या घेऊन आल्या. "हा डाग घासून काढते, म्हणजे सगळे नीट सुटतील."

"आजी, नको!" लीला चक्क मराठीत ओरडली.

तेव्हा मित्रांनो, तुमच्या घरातही बाबा, काका, कुणीतरी काहीतरी नेहमी एकाच पद्धतीने करत असेल. का, म्हणून एकदा विचारा. 'सवय आहे' म्हणाले तर सोडू नका, आणखी थोरल्या माणसाला गाठा, त्याला ऐकू येतंय तोवर. आणि माझ्यासारखा कुणी गॅरेजात सापडला, तर धुऊन कोरडा पुसा, तेलाचा हात द्या. त्याची खोड मात्र घासू नका. त्यावरूनच तर आम्हाला ओळखतात.