सगळी बाळे साडेछत्तीस!

मी थर्मामीटर बोलतोय. पण मोठ्यांच्या तापाशी माझा काडीचाही संबंध नाही. माझी जागा नवजात बाळाच्या काखेत. पूर्ण एक मिनिट थांबायचे आणि मग खरे तेच सांगायचे, एवढे एकच व्रत घेऊन मी कारखान्यातून निघालो.

प्रसूतिकक्षात आलो आणि माझी रवानगी थेट खणात झाली, आटलेल्या पेनांच्या शेजारी. कारण तेथे माई होत्या. वीस वर्षे बाळे हाताळलेल्या या परिचारिका बाळाच्या पोटाला हात लावीत आणि मोत्यांसारख्या अक्षरांत नोंदवहीत अंश सेल्सिअसच्या रकान्यात लिहीत, ‘साडेछत्तीस’. त्यांचे पाहून इतरजणीही तेच लिहीत. मी खणात आणि माझ्या नावावरच्या नोंदी वहीत!

एके सकाळी नव्या मुख्य परिचारिका आल्या. वही चाळता चाळता त्यांच्या भुवया वर चढल्या.

“माई, वर्षभरातली सगळी बाळं साडेछत्तीस? बाळं आहेत की साच्यातल्या विटा?”

“मॅडम, वीस वर्षांचा हात आहे माझा. हाताला कळतं!”

“आत्ताच गार पाण्याने धुतलात ना तो? गार हाताला बाळ गरमच लागणार. काढा बरं थर्मामीटर.”

समोर नुकतीच जन्मलेली एक चिमुरडी होती. मी तिच्या काखेत शिरलो, मिनिटभर थांबलो आणि आकडा दाखवला: पस्तीस पूर्णांक चार. माईंचा चेहरा खर्रकन उतरला.

“काय झालं हो माझ्या बाळाला?” आईने घाबरून विचारले.

“गारठलीय जराशी. तुमच्याइतकी ऊब आमच्या कुठल्याच यंत्रात नाही बघा,” असे म्हणत माईंनीच तिला टोपी घातली, आईच्या उघड्या छातीवर निजवले आणि दोघींवर पांघरूण घातले. तासाभराने मी सदतीसला टेकलो, तेव्हा कुठे माईंच्या जिवात जीव आला.

पुढचा आठवडाभर मला उसंत नव्हती. दहांपैकी चार बाळे गार निघाली.

“आकडा खाली आला म्हणून मी कुणाला बोलणार नाही,” मॅडमनी बजावले, “न मोजता लिहिला तर मात्र सोडणार नाही.”

मग माईच मला घेऊन बाळांच्या मागोमाग फिरल्या, ठिकठिकाणी मोजत राहिल्या आणि चोर सापडला: पंख्याखालचा वजनकाटा! जन्मताच बाळ त्या थंडगार पत्र्यावर निजवले जाई. आता आधी आईची छाती, मग ऊबदार कापड अंथरून वजन. आणि पंखा बंद. दोन महिन्यांत भिंतीवरच्या तक्त्यात दहांतल्या गार बाळांचा आकडा चारावरून एकावर आला. तो एकही माईंना खुपतो.

आता माझा पडदा अंधूक झाला आहे. उद्या नवा थर्मामीटर येईल आणि मी पुन्हा खणात जाईन. त्याचे दुःख नाही. त्याला त्याचे मिनिट तेवढे द्या, म्हणजे झाले.

कालच माईंची नात इथे जन्मली. माईंनी मला धरले, मिनिटभर श्वास रोखला आणि आकडा लिहिला. मॅडमनी वहीत डोकावून पाहिले.

“माई, पुन्हा साडेछत्तीस?”

“मग स्वतःच वाचा की!” माईंनी मला त्यांच्या नाकासमोर नाचवले.

खरेच साडेछत्तीस होते. ज्या आकड्यासाठी वर्षभर मला कोणी विचारले नव्हते, तो अखेर मी स्वतः सांगितला होता.