डावीकडची गादी

त्याने ब्रश वरून खाली, एकाच दिशेने फिरवला. उलटा फिरवला की कापड रुसतं, असं बायको म्हणायची. निळं कापड खरंच काळपट पडायचं. सुलटा हात फिरवला की पुन्हा उजळायचं. दुपारचं ऊन सोफ्यावर आलं होतं. उडालेली धूळ उन्हात तरंगत राहिली. तिला खाली बसायची घाई नव्हती.

डावीकडच्या गादीला मात्र त्याने ब्रश लावला नाही. ती बायकोची जागा. मधोमध खोल खळगा होता. त्याने कडेकडेने नुसती बोटं फिरवली आणि उजवीकडे, आपल्या जागी जाऊन बसला. ती गेल्यापासून इथे बसलं की डोळा लागायचा. झोपेत वाटायचं, शेजारी कुणीतरी शिवत बसलंय.

"बाबा, खोळी धुवायला काढते," मुलगी बाह्या सारत बाहेर आली. ती चार दिवस राहायला आली होती. "कसला वास येतोय! आईने तुम्हालाच पिळून वाळत घातलं असतं."

"माझी काढ. ती राहू दे."

"का?"

त्याने खळग्यावर हात ठेवला. मुलगी समोर जमिनीवर बसली.

"हा आईचा वाटतो तुम्हाला? शेवटी केवढीशी झाली होती ती. चिमणी बसली तरी याहून खोल जाईल."

"आजारपणात वर्षभर इथेच तर बसायची."

"पण ती दरवर्षी गाद्या बदलायची ना? तुमची तिकडे, तिची इकडे. एकच दबायला नको म्हणून."

"यंदा कुठली बदलतेय! उठवत तरी होतं का तिला?"

मुलीने ती गादी उचलून उभी केली. खालच्या बाजूला कॉफीचा मोठा डाग होता. यंदाच त्याच्याच हातून, त्याच्याच जागी सांडलेली. "चोळू नका, टिपा," असं बायको ओरडत असताना त्याने खसाखसा चोळली होती. मग तिने निमूटपणे गादी उलटी करून टाकली होती.

त्याला ती सकाळ आठवली. दवाखान्यात न्यायला गाडी खाली उभी, पिशवी त्याच्या हातात, आणि बायको सोफ्यापाशी वाकलेली, दोन्ही हात गादीखाली. त्याला वाटलं, चष्मा शोधतेय.

"अगं, चल ना. आता काय तिथे?"

"झालंच. परत आल्यावर जमेल न जमेल."

"म्हणजे हा खळगा तुमचा," मुलगी हळूच म्हणाली. "आणि आईची गादी..." तिची नजर तो बसला होता त्या गादीवर गेली.

तो अर्धवट उठला. वळून पाहिलं. इतक्या दिवसांत तिथे त्याचाच आकार उमटला होता. तो पुन्हा बसला, या वेळी सावकाश.

मुलीने डागाच्या गादीची चेन उघडली. खोळ काढून खांद्यावर टाकली.

"तुमच्या खालची ही पण काढू ना, बाबा?"

"काढ," तो म्हणाला. "जरा वेळाने."

आणि बायकोच्या त्याच गादीवर अगदी कडेला सरकून, शेजारी जागा करून बसला.