फॉल-पिकोची पिशवी

मी पिशवी बोलतेय. मेन रोडवरच्या एका साड्यांच्या दुकानातली. जाड, चकचकीत, लांब बंदांची, पोटावर सोनेरी मोर छापलेली. माझ्यासारख्या हजारभर बहिणी एकाच दिवशी कारखान्यातून निघाल्या, तेव्हा मी कुणी विशेष आहे असा माझा दावा नाही. आत्मवृत्त सांगण्याएवढं माझ्याकडे आहे का, अशीही शंका येते. पण माझ्या पोटात जे ठेवलं गेलं ते मी दोन वर्षं सांभाळलंय, म्हणून सांगते.

पंचवटीतल्या एका घरी मी पैठणी घेऊन गेले. पैठणी कपाटात गेली आणि मी दारामागच्या खिळ्यावर. आता माझ्यात भाजी येणार, मग रद्दी, मग मी संपणार, असा माझा अंदाज होता. पण एका मंगळवारी या घरच्या सुनेनं, आभानं, मला खाली काढलं, फुंकर मारली आणि माझ्यात एक निळी फाईल सरकवली. वर एक जुनी साडी घडी करून ठेवली.

"आई, फॉल-पिकोला जाऊन येते," ती म्हणाली. "ओवीलाही नेते."

फाईल ओवीची होती. ओवी तेव्हा अडीच वर्षांची. बोलत नव्हती, हाकेला वळत नव्हती, पंख्याकडे मात्र तासभर बघायची. डॉक्टरांनी ऑटिझम हा शब्द कागदावर लिहून दिला होता. त्या कागदावर साडी ठेवायची हे माझं काम.

घरात कुणी दुष्ट होतं असं समजू नका. सासूबाई, इंदिराबाई, एवढंच म्हणाल्या होत्या की आमच्याकडे सगळेच उशिरा बोलतात, गौरांगही तीन वर्षांचा होईपर्यंत मुका होता. हे ऐकून आभाला इतकं बरं वाटलं होतं की तिनं जोरजोरात मान डोलावली होती. नंतर ती मान परत कशी घ्यायची हे तिला कळेना. गौरांग, आभाचा नवरा, रोज म्हणायचा, "सांगू गं, योग्य वेळ बघून." योग्य वेळ काही त्या घराचा पत्ता विचारत आली नाही.

त्यात हे घर तीर्थोपाध्यायांचं. बाहेरच्या खोलीत लाल कापडात बांधलेल्या नामावळीच्या चोपड्या. गावोगावचे यजमान यायचे, आपल्या पणजोबांचं अक्षर शोधायचे आणि खाली आपल्या हातानं आपली नावं लिहायचे. दिवसभर माणसांची ये-जा. कुणी ओवीला हाक मारली की आभा स्वयंपाकघरातून धावत यायची आणि पोरीच्या वतीनं हसायची.

मंगळवार आणि शुक्रवार आम्ही गंगापूर रोडच्या एका थेरपी केंद्रात जायचो. रिक्षात ओवी माझ्यावरच्या मोराच्या डोळ्यावर बोट घासत बसायची. घासून घासून डोळा उडाला. तिच्या तोंडाला कधी कधी वेखंडाचा उग्र वास यायचा. आभा नाक जवळ नेऊन बुचकळ्यात पडायची आणि मग विसरून जायची.

एकदा इंदिराबाईंनी आपली खरीच साडी माझ्यात टाकली. "सारखी जातेस तर माझीही लावून आण." आभा त्या दिवशी थेरपी सुटल्यावर घामाघूम होऊन शिंपी शोधत फिरली. दोन दिवसांनी सासूबाई काठ बघून म्हणाल्या, "पिको काही बरा नाही हो. दुकान बदल."

शिकलेली बाई होती आभा, एम.एस्सी. मोबाईलवर माहितीची बेचाळीस पानं एका वेळी उघडी. पण केंद्रातल्या बाकावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या मुलाच्या आईला एक प्रश्न विचारायचा म्हटला की ती मोबाईलमध्ये मान घालायची. मला उलटी धरायची, मोर आपल्याकडे आणि कोरी बाजू जगाकडे. फाईलवर तिनं ना नाव लिहिलं होतं ना फोन. हरवली तर कुणीतरी फोन करील आणि तो घरात वाजेल, ही भीती.

शाळेची वेळ आली तेव्हा एका शाळेनं ओवीला घ्यायची तयारी दाखवली, पण जूनअखेरपर्यंत दिव्यांग प्रमाणपत्र हवं म्हणाली. त्यासाठी मोठ्या सरकारी दवाखान्यात तपासणी. दोन महिने थांबून तारीख मिळाली, बुधवार सकाळी दहा. ती चुकली की पुढची तारीख आणखी दोन महिन्यांनी, म्हणजे शाळा गेलीच. सगळे मूळ कागद माझ्या पोटात होते.

आदल्या मंगळवारी केंद्रातल्या बाकावर एक म्हातारी येऊन बसली. काष्टा घातलेला, पायाला चिखल. शेजारी सहा वर्षांचा नातू, कानात मशीन. आणि मांडीवर, काय सांगू, माझी सख्खी बहीण! तोच मोर, डोळ्यासकट.

"काय नाव बाई लेकीचं?" म्हातारीनं सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं.

"ओवी," आभा पुटपुटली आणि मोबाईलमध्ये बघू लागली.

"माझा ह्यो गोरक्ष. ऐकू येत नाय त्याला. मी सगुणाबाई, इगतपुरीची. पुतण्याच्या लग्नाचा बस्ता नाशकात काढला, तव्हा ह्या पिशव्या भेटल्या. आमच्याकडं पाऊस लय. हिच्यात कागुद भिजत नाय."

पाहा, एकच पिशवी. एक बाई कागद दिसू नयेत म्हणून वापरते, दुसरी भिजू नयेत म्हणून.

सगुणाबाईंनी शंभर पानी वही काढली. "मला लिहिता येत नाय. जो काय सांगंल त्यालाच म्हणते, तुझ्या हातानं लिहून दे. गाडीतले मास्तर, दवाखान्यातली नर्स, समद्यांनी लिहिलंय. तुला काय म्हाईत असंल ते लिही, पोरी."

"मला काहीच माहीत नाही हो," आभा म्हणाली. बेचाळीस पानं उघडी असताना हे खरंच होतं, हीच गंमत.

तेवढ्यात वरच्या मजल्यावर कुणी ड्रिल मशीन सुरू केलं. ओवी कान दाबून जमिनीवर आडवी झाली, किंचाळू लागली. सगळे वळले. सगुणाबाईंनी वही पिशवीत टाकली, पिशवी माझ्याशेजारी बाकावर ठेवली आणि त्या पोरीकडे वाकल्या. आभानं लाजेनं लाल होत एका हातानं पोरीला उचललं, दुसऱ्यानं मोराची पिशवी, आणि ती धावली.

तिनं उचलली ती मी नव्हते.

रिक्षात ओवीनं ती पिशवी तीनदा लाथेनं ढकलली, हे मला नंतर कळलं. तिनं तिच्या परीनं सगळ्यांत आधी सांगितलं होतं. आभा मात्र म्हणत राहिली, "झालं बाळा, संपला तो आवाज."

मी सगुणाबाईंच्या खांद्यावरून गाडीनं इगतपुरीला गेले. घरी त्यांची सून दीपमाला, गोरक्षची आई, तिनं मला उघडलं. "आत्याबाई, ही कोणा ओवीची फाईल हाय. आन् उद्या दहाला तारीख हाय हिची!"

केंद्र पाचला बंद झालेलं. दीपमालानं एकेक कागद उलटला. कुठे नंबर नाही. सगळ्यांत तळाशी जुना केसपेपर निघाला. ओवी नऊ महिन्यांची असताना आजी तिला लस द्यायला घेऊन गेल्या होत्या. त्यावरचा नंबर इंदिराबाईंचाच होता.

नको गं, म्हणावंसं वाटलं. पण पिशवीचं कोण ऐकतं?

"हॅलो, ओवीच्या घरचे का?" सगुणाबाई फोनमध्ये ओरडल्या. "तिची फाईल माझ्याकडं आली हाय."

"आमची ओवी? कसली फाईल?"

"आवं, तपासणीची. बोलत नाय ना ती, त्याची. पिशव्या बदलल्या. तुमच्या सूनबाई लय घाबऱ्या झाल्या असतील."

दीपमालानं फोन कटला का ते पाहिलं. मग पलीकडून आवाज आला.

"तारीख किती वाजता आहे?"

"दहाला. मी सकाळच्या गाडीनं नाशिकरोडला येते."

"आम्ही स्टेशनवर येतो," इंदिराबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

सकाळी फलाटावर तिघी उभ्या होत्या. इंदिराबाईंनी ओवीचं मनगट घट्ट धरलेलं. दोन पावलं मागे आभा, डोळे सुजलेले, छातीशी दुसरी पिशवी.

"सूनबाईवर राग धरू नका," सगुणाबाईंनी उतरताच सांगून टाकलं.

"राग कसला?" इंदिराबाई म्हणाल्या. "दोन वर्षं मी हिला पिको बरा नाही म्हणून दुकान बदलायला सांगतेय." त्या हसायला गेल्या, पण ते जमलं नाही. "आणि मी तरी काय? हिला न सांगता पोरीच्या जिभेला रोज वेखंड चोळतेय. लवकर बोलावी म्हणून."

आभानं चमकून वर पाहिलं. "आई, म्हणजे तुम्हालाही वाटत होतं की..."

"मला डोळे आहेत गं. म्हटलं, तुला सांगितलं तर तू घाबरशील."

तेवढ्यात ओवीनं हात सोडवला, सगुणाबाईंजवळ आली आणि माझ्या मोराच्या उडालेल्या डोळ्यावर बोट ठेवलं. घासू लागली. शांतपणे, जसं काही झालंच नव्हतं.

पिशव्या बदलल्या. सगुणाबाईंची पिशवी त्यांच्याकडे देताना इंदिराबाईंनी आतली वही काढली आणि चाळली. वेगवेगळी अक्षरं, निळी, काळी, एक तर पेन्सिलीतलं. कुणाकडे जायचं, कुठल्या वारी, किती झेरॉक्स न्यायच्या, कोण नीट बोलतं.

"आमच्याकडे अशाच चोपड्या आहेत. ज्यानं त्यानं आपल्या हातानं लिहायचं."

"आसंल," सगुणाबाई म्हणाल्या. "पर ह्या वहीतले समदे फोन उचलत्यात."

इंदिराबाईंनी पर्समधून पेन काढून सुनेपुढे धरलं. "लिही."

"मी काय लिहू आई? मला खरंच..."

"कालपावतर जे म्हाईत नव्हतं ते लिही," सगुणाबाई म्हणाल्या. "कोणाला तरी आज ते म्हाईत नसंल."

आभानं वही माझ्यावर टेकवली. पेनाचं टोक मला पोटात जाणवलं. तिनं लिहिलं: आभा, ओवीची आई, पंचवटी. मंगळवार-शुक्रवार केंद्रात असते. अर्ज भरून देते. खाली नंबर, स्वतःचा. आणि त्याखाली एक ओळ: आपल्या पिशवीवर नाव लिहावे.

दहाला पाच कमी असताना आम्ही दवाखान्याच्या रांगेत होतो. प्रमाणपत्र जून संपायच्या दोन दिवस आधी आलं.

आता माझं वय झालंय. एक बंद दोनदा शिवलाय. त्याला पिको इंदिराबाईंनी स्वतः केलाय, आणि तो खरंच बरा आहे. वेखंडाचा वास येत नाही. ओवी शाळेत जाते. बोलत नाही अजून. आभाची काळजी संपलीय असंही नाही, ती अजून पहाटे उठून मोबाईल बघते. फक्त आता त्यात बेचाळीस पानांऐवजी चार-पाच बायकांचे निरोप असतात. माझ्या कोऱ्या बाजूवर जाड मार्करनं ओवीचं नाव आहे, फोन नंबर आहे, आणि मला रांगेत तीच बाजू बाहेर करून धरलं जातं.

कधी एखाद्या बाकावर तुमच्या शेजारी कुणी पिशवी छातीशी उलटी धरून बसलेली दिसली, तर साडी कुठल्या दुकानातली म्हणून विचारू नका. मुलाचं नाव विचारा. पहिल्यांदा ती पुटपुटेल आणि मोबाईलमध्ये बघेल. तुम्ही उठून जाऊ नका.