ओडालीच्या काठावरची मगर

मित्रांनो, मी लुईझियानाच्या दलदलीतली एक जुनी मगर आहे. चाळीस उन्हाळे मी याच संथ पाण्यात काढले. थंडीत मी चिखलातल्या बिळात जवळजवळ उपाशीच पडून असते. ऊन तापू लागले, की अंगात हुशारी येते, भूक खवळते आणि मी काठाकाठाने फिरू लागते.

या काठावर ओडाली गिड्री नावाची विधवा बाई राहते. तिने मला कधी दगड मारला नाही, की कधी घास टाकला नाही. तिची चाहूल लागली, की मी पाण्यात सरकत असे. मग तिचा धाकटा भाऊ अल्सीद नोकरीतून निवृत्त होऊन तिच्याकडे राहायला आला. धक्क्यावर बसून मासे साफ करताना तो त्यांची डोकी माझ्याकडे फेकू लागला.

"बघ ताई, कशी माणसाळलीय."

"माणसाळली नाही, सोकावलीय," ओडाली म्हणाली. "बंद कर हे."

तो नुसता हसला. मी सोकावले होते, हे मात्र खरे. धक्क्यावर पाऊल वाजले, की मी भीती विसरून तिकडे पोहत जाई.

जूनमधल्या एका संध्याकाळी अल्सीद काठाशी उकिडवा बसून हात धुऊ लागला. पाण्यात माशाचा वास पसरला. माशाचे डोके आणि माणसाचा हात, यांतला फरक मला कळत नाही. मी झेप घेतली. ओडालीने मागून त्याची कॉलर धरून त्याला ओढले, म्हणून माझ्या जबड्यात फक्त शर्टाची बाही आली.

अल्सीद धडपडत उठला. "मारायलाच लावतो तिला. आत्ता वन्यजीव खात्याला फोन करतो."

"कर की," ओडाली म्हणाली. "पण तिला इथे यायला कोणी शिकवलं, तेही सांग त्यांना."

फोन काही त्याने केला नाही.

दुसऱ्या दिवशी ओडालीने मासे कापायचे टेबल अंगणात, पाण्यापासून लांब नेले. भर उन्हात दोघांनी काठाला कुंपण घातले. ओडालीचा पाळीव कुत्रा साखळीला बांधला गेला, तिन्हीसांजेनंतर पाण्याकडे फिरकणे बंद झाले. मी कित्येक दिवस धक्क्याखाली ताटकळले. काहीच पडेना, तेव्हा पुन्हा खेकडे आणि कासवे शोधू लागले.

जुलैच्या सुरुवातीला मी लव्हाळ्यात गवतपाला रचून अंडी घातली. एकदा अल्सीद होडीतून उतरून नकळत तिथवर आला. मी तोंड उघडून फूत्कारले. तो जागच्या जागी थांबला.

"चुकलो, बाई. जातो मी," असे पुटपुटत, माझ्यावरची नजर न काढता तो मागे मागे सरकत होडीत चढला. मी त्याच्यामागे गेले नाही.

ऑगस्टच्या शेवटी अंड्यांतून पिल्लांचे आवाज आले. मी घरटे उकरले आणि एकेकाला जबड्यात धरून पाण्यात सोडले.

मित्रांनो, हे पाणी माझे आहे आणि मी इथेच राहणार. उन्हाळ्यात काठावर आलात, तर मला खायला टाकू नका, पिल्लांना हात लावू नका. माझ्यावर माया असेल, तर लांब उभे राहा.