गच्चीवरचं तूप

मयुराने सगळं तपासलं होतं. वाट्या एकाच मापाच्या, झाकणं घट्ट, प्रत्येक वाटीवर कंपनीच्या नावाऐवजी नुसता क्रमांक, तोंड साफ करायला कोमट पाणी आणि बिनमिठाच्या लाह्या. हॉलमधले दिवेसुद्धा तिने पांढरे लावून घेतले होते, कारण पिवळ्या उजेडात म्हशीचं तूपही गाईचं दिसतं.

पुण्यात अन्नतंत्रज्ञान शिकून ती गुरुग्रामच्या या कंपनीत लागली होती. खाद्यपदार्थ आणि पेयांच्या धंद्यातल्या लोकांसाठी परिषदा भरवायच्या, हे कंपनीचं काम. डेअरीवाले, मसालेवाले, यंत्रं विकणारे आणि सरकारी अधिकारी दोन दिवस एका मोठ्या हॉटेलात जमत आणि बोलत. नुसतं बोलत. खाण्यावर पोट असलेली एवढी माणसं, आणि चाखत कुणीच काही नाही, हे मयुराला पटत नसे.

"जेवतात की," तिचे साहेब राघव म्हणाले होते. ते मूळचे कोथरूडचे, पण दिल्लीत इतकी वर्षं काढलेली की रागसुद्धा त्यांना हिंदीतच येई. मयुरा मागे लागली, लागली, आणि शेवटी त्यांनी तिला यंदा दुसऱ्या दिवशी दुपारी एक तास दिला. तूपपरीक्षा. बाजारातून आणलेली तुपं, नाव न सांगता चाखायची, गुण द्यायचे आणि मग कुणाचं कुठलं ते उघड करायचं.

"पण लोक मधूनच उठून गेले, तर पुढच्या वर्षी परत भाषणं," राघव सरांनी बजावलं होतं. "आणि तू परत स्पॉन्सरना फोन करायला बसायचं. तेव्हा रडायचं नाही, बिल्कुल."

परीक्षेच्या दिवशी सकाळी तिने ऑफिसातल्या धीरजला आणि हॉटेलच्या दोघांना बसवून रंगीत तालीम घेतली. एका वाटीत तिने मुद्दाम जुनं, खवट व्हायला लागलेलं तूप ठेवलं होतं. ते तरी ओळखू येईलच.

धीरजने त्याला सगळ्यांत जास्त गुण दिले. "फ्रेश आहे," तो म्हणाला.

"फ्रेश म्हणजे कसं?"

"लिंबासारखं."

"तुपाला लिंबाचा वास येतो?"

"तूच म्हणालीस ना यार, जे वाटेल ते लिहा. वाटलं, लिहिलं."

बाकीच्या दोघांनीही थोडंफार तसंच लिहिलं होतं. मयुराने वाटी नाकाशी धरली. वास होता, पण भिंतीपलीकडून कुणी बोलावं तसा. तिने वाट्या बदलल्या, पाणी आणखी गरम केलं, तूप पुन्हा पातळ करून पाहिलं. काही फरक पडेना. तेवढ्यात फोन आला. चंद्रप्रभा मॅडमची टॅक्सी मागच्या फाटकाशी जाऊन थांबली होती.

चंद्रप्रभा मॅडम केंद्र सरकारच्या अन्नखात्यात अधिकारी. राहायला दिल्लीत लक्ष्मीबाई नगरला, माहेर साताऱ्याचं. परीक्षा त्यांच्या देखरेखीखाली व्हायची होती. मयुरा फाटकापर्यंत धावली, त्यांना घेऊन फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हातून गप्पा मारत परत आली, काचेचं दार ढकललं आणि जागीच थबकली.

गवती चहा, लिंबाची साल आणि कसलंतरी गोडसर फूल. वास असा अंगावर आला की मॅडम चक्क मागे सरल्या.

"कुणाचं लग्न आहे का गं इथे?" त्यांनी विचारलं.

मयुराचा चेहरा उतरला. मागच्या महिन्यात हॉटेल बघायला आली तेव्हा तिनेच व्यवस्थापक मानसला म्हटलं होतं, किती छान वास येतो तुमच्याकडे. हॉटेलवाले तो एसीतून सगळीकडे सोडत. नाकाचा स्वभाव असा की सतत येणाऱ्या वासाची खबर देणं ते थोड्याच वेळात थांबवतं. मयुराने याच्यावर कॉलेजच्या परीक्षेत उत्तर लिहिलं होतं, आणि आज सकाळपासून ती त्याच वासात बुडून तूप हुंगत होती.

मानसला बोलावलं. "मॅम, हमारा सिग्नेचर सेंट है," तो अभिमानाने म्हणाला. "आपको तो बहुत पसंद आया था." मशीन बंद करता येईल, पण गालिच्यात आणि पडद्यांत मुरलेला वास संध्याकाळपर्यंत जायचा नाही, हेही त्याने सांगितलं.

मग मयुरा बिनवासाची जागा शोधायला निघाली, आणि मॅडमही हौसेने बरोबर निघाल्या. हिरवळीवर खरंच लग्न होतं. मंडपवाले निशिगंधाचे ढीग लावत होते. तळघरात गाड्यांचा धूर. कर्मचाऱ्यांच्या जेवणघरात छोले शिजत होते.

"इथे परीक्षा घेतलीस तर छोलेच पहिले येतील," मॅडम म्हणाल्या.

राहिली गच्ची. तिथे पाण्याच्या टाक्या होत्या, सौरपट्ट्या होत्या, आणि हिवाळ्यात अख्खी दिल्ली बसते तसे हॉटेलचे दोन माळी उन्हात शेंगा सोलत बसले होते. मयुराने कागदी रुमालाची पट्टी फाडून हवेत धरली. वारा पश्चिमेकडून होता, आणि स्वयंपाकघराचं धुराडं पूर्वेच्या कोपऱ्यात. तिने डोळे मिटून दीर्घ श्वास घेतला. नाकाला काहीच लागलं नाही.

राघव सर मात्र ऐकूनच वैतागले. "सुटाबुटातली माणसं टाक्यांच्या शेजारी बसवू?"

"सर, खाली बसवली तर मी त्यांना लिंबाचं तूप चाखायला देणार आहे."

"मला तर बाई ऊन हवंच आहे," मॅडम म्हणाल्या. "ऑफिसात हीटरशेजारी बसून नुसता पापड झालाय माझा."

सरकारी पाहुण्यांपुढे सरांचं काय चालणार? "चलो," ते म्हणाले. "पण काही झालं तर तू निस्तर."

शेवटचा जिना चढून माणसं धापा टाकत आली. कोट उतरले, टाय सैल झाले. आडोशाला गरम पाण्यात ठेवलेल्या वाट्यांची झाकणं उघडली आणि सगळी नाकं वाट्यांवर झुकली. मग कुजबुज सुरू झाली, आणि तिचा बघता बघता वाद झाला. हे लोण्याचं. छे, सायीचं. हे जुनं. जुनं तूप सगळ्यांनी पकडलं. धीरजनेही पकडलं, आणि सकाळचा विषय कुणी काढू नये म्हणून तो लाह्या वाटायला गेला.

सगळ्यांत मोठा आवाज सुधन्वा यांचा. मानेसरच्या पुढे त्यांची मोठी डेअरी होती, आणि परिषदेचे मुख्य स्पॉन्सरही तेच. एक वाटी त्यांनी दोनदा हुंगली. "हे कढवताना करपवलंय कुणीतरी," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले. "बेफिकीर लोक."

मयुराने हातातल्या कागदावर क्रमांक पाहिला आणि तो कागद राघव सरांपुढे धरला. तूप सुधन्वांचंच होतं.

"नावं उघड करायलाच हवीत का?" सर हळूच म्हणाले.

"सुरुवातीला सांगितलंय सर आपण. आता लपवली तर यापुढे कोण विश्वास ठेवेल?"

मयुराने एकेक नाव वाचलं. सुधन्वांचंही वाचलं.

कुणी हसलं नाही. सुधन्वांनी ती वाटी पुन्हा उचलली, हुंगली, बोटाने चाटली. "करपलंयच," ते म्हणाले. "मीच म्हणालो ना." आणि खिशातून फोन काढून कोपऱ्यात गेले. कढईखालची आच कोण बघतं, हा प्रश्न साऱ्या गच्चीला ऐकू आला. आता हसू कुणालाच आवरेना. फोन ठेवून परत आले तेव्हा तेही हसत होते.

"राघवजी, मला पुढच्या वर्षी भाषणाला बोलावू नका," ते म्हणाले. "या परीक्षेला बोलवा. कारखान्यात माझं तूप मला कुणी वाईट म्हणत नाही."

तास कधीच उलटून गेला होता. उठून मात्र कुणी गेलं नव्हतं.

माणसं पांगल्यावर मॅडमनी पिशवीतून डबा काढला. त्यात गूळपोळ्या होत्या. पहिल्या आलेल्या तुपाची वाटी अजून कोमट होती. तिघं टाकीला पाठ टेकून उन्हात बसली, आणि राघव सरांनी पोळीवर तूप घेताना हात आखडला नाही.

तेवढ्यात मानस धापा टाकत वर आला. "मॅम, जगह सबको बहुत पसंद आई," तो म्हणाला. "अगली बार यहाँ भी सेंट की मशीन लगवा देंगे."

मयुरा काही बोलणार, तोच राघव सरांनी अर्धी गूळपोळी तुपात बुडवली आणि मानसच्या हातात दिली.

"पहले ये सूंघो," ते म्हणाले. "बैठो."